पडसे, वावडे आणि करोना : शिक्षकांनी काय पाहावे?



वर्गात एखादे मूल शिंकू-खोकू लागले की मनात प्रश्न येतो : हे नित्याचे पडसे, की २०२० साली शाळा बंद पाडणारा करोना? जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले; तथापि तो विषाणू नाहीसा झालेला नाही. म्हणून हा भेद आपणांस ठाऊक असणे इष्ट होय.

प्रथम वावडे, म्हणजे ॲलर्जी. हिचे कारण रोगजंतू नसून धूळ, परागकण वा बुरशी हे असते. वर्ग झाडताना, मळणीच्या दिवसांत अथवा गाजरगवत फुलले असता त्रास उद्भवतो. नाक व डोळे खाजतात, शिंकांवर शिंका येतात, नाकातून पाणी वाहते. परंतु ताप येत नाही. ही व्याधी एकाची दुसऱ्यास लागत नाही.

पडसे मात्र विषाणूंमुळे होते व लागते. संसर्गानंतर बहुधा १ ते ३ दिवसांत घसा खवखवतो, नाक वाहते. ताप आलाच तर बहुधा किरकोळ असतो.

करोनाची लक्षणे २ ते १४ दिवसांत दिसतात. ताप, खोकला, अंगदुखी व विलक्षण थकवा ही त्यांपैकी प्रमुख होत. नाक चोंदलेले नसताही वास वा चव जाणे ही मोठी खूण. परंतु २०२१ च्या अखेरीस ओमायक्रॉन आल्यापासून ती कमी आढळते. मुलांमध्ये तर करोना हुबेहूब पडशासारखा असू शकतो. सबब केवळ लक्षणांवरून निर्णय होत नाही. त्यास चाचणीच हवी.

तेव्हा रोगाचे नाव ठरविणे हे आपले काम नव्हे. लक्ष ठेवणे हे आहे. ताप असलेल्या मुलास पालकांच्या स्वाधीन करावे व आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यास सांगावे. घरातील वृद्धांपासून त्यास दूर ठेवण्याची सूचना अवश्य द्यावी. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे अथवा भ्रम होणे, यांपैकी काहीही दिसल्यास विलंब न लावता १०८ क्रमांकावर कळवावे.

आणखी एक विनंती. शिंकणाऱ्या मुलास कोणी 'करोना' म्हणून चिडवू नये, याची दक्षता घ्यावी. आजारपणाची गैरहजेरी हा दोष नव्हे, हेही मुलांस स्पष्ट सांगावे. हजेरीचे बक्षीस बुडेल या धास्तीने मूल ताप लपविते, आणि त्याचा उपद्रव घरच्या आजीस होतो. "गुरुजी, मला बरे वाटत नाही," असे मूल ज्या वर्गात निर्भयपणे सांगते, तेथे आजाराची वार्ता वेळेवर कळते.