पडदा काळा झाला म्हणजे



संगणक बिघडला म्हणजे आपल्याकडे पहिला प्रश्न निघतो तो खर्च किती येणार हा. वास्तविक त्याच्या आधी दुसराच प्रश्न विचारावयास हवा. बिघाड नेमका कोठे आहे? आज मी आपल्याशी बोलणार आहे ते ग्राफिक्स कार्ड या भागाविषयी आणि त्याच्यासोबत चालणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या वस्तूविषयी. कारण या दोहोंतील बिघाड पडद्यावर अगदी सारखे दिसतात, आणि दुरुस्तीला मात्र एकाला वीस हजार रुपये लागतात तर दुसऱ्याला एक दमडीही लागत नाही.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, हे तर पोरांचे गेम खेळण्याचे यंत्र, त्याची एवढी चर्चा कशाला? पण गेवराई, माजलगाव, केज अशा बाजाराच्या गावी जरा फिरून पाहा. ज्या यंत्रावर मुलगा रात्री गेम खेळतो त्याच यंत्रावर दिवसा लग्नाचे व्हिडिओ जोडले जातात, फ्लेक्सची डिझाइने होतात. कोयत्याच्या उचलीतून किंवा कापसाच्या पट्टीतून पैसे बाजूला काढून कोणी ते घेतलेले असते. अशा घरी दुकानदाराने "कार्ड गेलं" असे सांगितले की घरात चूल थंड झाल्यासारखे होते. म्हणून ते खरेच गेले आहे काय, हे तपासण्याची रीत घरच्या माणसाला आणि शाळेतल्या गुरुजींना माहीत असावी.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते पाहू. आपल्या जिल्ह्याला मुकादम समजावून सांगावा लागत नाही. कारखाना टोळीशी थेट बोलत नाही; तो मुकादमाशी बोलतो आणि मुकादम टोळीला कामाला लावतो. संगणकात विंडोज हा कारखाना समजा, ग्राफिक्स कार्ड ही टोळी, आणि ड्रायव्हर हा मुकादम. टोळी कितीही दमदार असली तरी मुकादमाने निरोप उलटा दिला तर फड तसाच उभा राहतो. आणि जुना मुकादम न जाताच नवा आला, दोघेही हुकूम सोडू लागले, तर काय गोंधळ होतो ते मी सांगावयास नको. संगणकात हे दोन्ही प्रकार नेहमी घडतात.

तेव्हा दोष टोळीचा की मुकादमाचा, हे ओळखावयाचे कसे? युक्ती सोपी आहे. बिघाड कोणत्या क्षणी दिसतो तेवढे पाहावयाचे. यंत्राचे बटण दाबले की पहिल्यांदा कंपनीचे चिन्ह उमटते. त्या वेळी विंडोजचा ड्रायव्हर अजून कामावर आलेलाच नसतो. मग त्या चिन्हावरच जर रेघा, ठिपके किंवा रंगीत चौकोन दिसत असतील तर ड्रायव्हर बिचारा निर्दोष आहे. दोष कार्डात, केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये आहे. मॉनिटरचा संशय फेडण्यासाठी त्याच्या स्वतःच्या बटणाने त्याचा मेनू उघडावा. त्या मेनूवरूनही रेघ जात असेल तर मॉनिटरच आजारी. उलट कंपनीचे चिन्ह स्वच्छ आले, विंडोजचे गोल फिरणारे ठिपकेही आले, आणि त्यानंतर पडदा काळा झाला, तर बहुधा ड्रायव्हरच. ही एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी दुकानात जाण्यापूर्वीचे अर्धे काम झाले.

याची दुसरी परीक्षा म्हणजे सेफ मोड. या रीतीत विंडोज आपला साधा, कामचलाऊ ड्रायव्हर वापरते आणि कार्ड कंपनीच्या ड्रायव्हरला बाहेर बसवून ठेवते. पडदाच काळा असेल तर सेफ मोडमध्ये जावयाचे कसे, असे आपण विचाराल. विंडोज चालू होत असतानाच बटण दाबून धरून यंत्र बंद करावे. असे दोन-तीन वेळा केले की विंडोज आपण होऊन दुरुस्तीचा पडदा पुढे करते. तेथे ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि शेवटी ४ आकडा. काही यंत्रे या वेळी ४८ अंकी किल्ली मागतात. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, म्हणून त्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड वहीत टिपून ठेवलेला बरा. सेफ मोडमध्ये चित्र तासभर ठाकठीक राहिले, तर संशय ड्रायव्हरवर पक्का होत जातो.

ड्रायव्हरच्या एका दोषाने केवढा अनर्थ होतो, हे साऱ्या जगाने १९ जुलै २०२४ रोजी पाहिले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रणालीचा ड्रायव्हर एक सदोष फाइल वाचता वाचता कोसळला, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख यंत्रांवर निळा पडदा आला. आपल्या देशातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. त्या यंत्रांत एकही भाग जळालेला नव्हता. उपाय काय केला? सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसली. ग्राफिक्सच्या बाबतीतही असा दाखला आहे. मार्च २०१० मध्ये एनव्हिडिया कंपनीने आपला १९६.७५ क्रमांकाचा ड्रायव्हर मागे घेतला, कारण त्यामुळे काही कार्डांचे पंखे नीट फिरत नव्हते आणि कार्डे तापत होती. म्हणजे नवा ड्रायव्हर तो चांगलाच, असे समजण्याचे कारण नाही. यंत्र सुरळीत चालू असताना केवळ नवा आला म्हणून तो चढवू नये, असे माझे मत आहे.

आता ड्रायव्हर बदलावयाची रीत. काल नवा ड्रायव्हर टाकला आणि आज बिघाड सुरू झाला, असे असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडावा, डिस्प्ले ॲडॅप्टर्सखाली कार्डाच्या नावावर दोनदा टिचकी मारावी आणि ड्रायव्हरच्या पानावरचे रोल बॅक हे बटण दाबावे. जुना मुकादम परत कामावर येतो. एवढ्याने भागले नाही तर ड्रायव्हर मुळापासून काढावा. त्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचे एक फुकट साधन मिळते. ते सेफ मोडमध्ये चालवावयाचे. पण क्रम चुकवू नका बरं का! आधी योग्य ड्रायव्हर उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवावा. फाइल पुष्कळ वेळा सहाशे ते नऊशे एमबीची असते, आणि मोबाइलचा दिवसाचा डेटा संपत आलेला असताना ती अर्ध्यावर तुटली तर पुन्हा पहिल्यापासून उतरवावी लागते. मग इंटरनेट तोडावे, कारण जुना काढला रे काढला की विंडोज आपल्या मनाने भलताच ड्रायव्हर आणून बसवते. त्यानंतर जुना काढावा, यंत्र पुन्हा सुरू करून नवा बसवावा, आणि मगच इंटरनेट जोडावे. ड्रायव्हर घ्यावयाचा तो एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. "तुमचे ड्रायव्हर जुने झाले, येथे दाबा" असे ओरडणाऱ्या जाहिरातींकडे ढुंकूनही पाहू नये.

चालू यंत्रात पडदा अचानक थिजला तर कंट्रोल, शिफ्ट, विंडोज आणि बी ही चार बटणे एकदम दाबून पाहावीत. एक बारीक आवाज होतो, पडदा लवतो आणि ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. विंडोज स्वतःही हेच करत असते. कार्डाकडून दोन सेकंद उत्तर आले नाही तर ते ड्रायव्हरला परत चालू करते आणि तशी नोंद ठेवते. अशी नोंद महिन्यात एखादी दिसली तर सोडून द्यावी. रोज दिसू लागली तर मात्र पुढचे ऐका.

पुढचे म्हणजे वीज आणि उष्णता. आपल्या भागात माझा पहिला संशय यांच्यावरच असतो. परळी वैजनाथला १९७१ पासून वीज तयार होते, पण त्याच जिल्ह्यातल्या गावात संध्याकाळी दिवा मिणमिणतो आणि शेतीपंप बंद झाले की एकदम लखलखतो. या चढउताराचा मार एसएमपीएसला बसतो. त्याची खूण अशी की डेस्कटॉपवर दिवसभर काही होत नाही, आणि गेम किंवा व्हिडिओचे जड काम सुरू करताच यंत्र एकदम बंद पडते किंवा पुन्हा सुरू होते. कार्डाला तेव्हा जास्त वीज लागते आणि एसएमपीएसला ती पुरवता येत नाही. उदाहरण द्यावयाचे तर आरटीएक्स ३०६० हे कार्ड एकटे १७० वॅट घेते, आणि कंपनी त्याच्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर आकडा काहीही छापलेला असो, त्यावर विसंबू नये. ओळखीच्या माणसाकडून चांगला एसएमपीएस तासभर उसना आणून लावून पाहावा. आणखी एक. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असे समजावे आणि आधी वायरमनला बोलवावे. तेथे संगणक दुरुस्त करणाऱ्याचे काही काम नाही.

उष्णतेचे लक्षण निराळे. यंत्र दहा-पंधरा मिनिटे उत्तम चालते, मग चित्र अडखळते, पंखे घोंघावतात आणि गेम बाहेर फेकला जातो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर जीपीयूखाली तापमान दिसते. जड कामात ते ८० अंशांच्या आसपास असले तर घाबरू नये. ८५च्या वर चढतच राहिले तर झाकण उघडावे. आपल्याकडे उन्हाळ्याची धूळ आणि सरकीची लव पंख्यांत गच्च बसते. वायर काढून, लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवून, मग ब्लोअरने धूळ उडवावी. पंख्याचे पाते मात्र बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते वाऱ्याने भरमसाट फिरून खराब होते. उघडलेच आहे तर कार्ड एकदा काढून घट्ट बसवावे. जड कार्ड स्वतःच्या वजनाने खाली झुकते आणि खोबणीतून किंचित सुटते. मॉनिटरची केबल कार्डाला लावली आहे की चुकून मदरबोर्डला, हेही पाहावे. हसू नका, हा दोष वाटतो त्यापेक्षा अधिक आढळतो!

जुन्या कार्डाच्या खरेदीविषयी मात्र सावध केले पाहिजे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली, त्याचे खाणकाम बंद झाले, आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. ती सगळीच वाईट नसतात. खरी लबाडी वेगळी आहे. जुनाट कार्डाची अंतर्गत माहिती बदलून त्याला जीटीएक्स १०५० टीआय असे नाव देतात. विंडोज ते नाव दाखवते, पण कंपनीचा ड्रायव्हर काही केल्या बसत नाही, बसला तर यंत्र कोसळते. मुलगा आठ दिवस ड्रायव्हर बदलत बसतो. आणि टोळीच खोट्या नावाने उभी असते. जीपीयू-झेड या फुकट साधनात असे कार्ड पुष्कळदा उघडे पडते, नावाआधी फेक हा शब्द येतो. पैसे मोजण्यापूर्वी विकणाऱ्यासमोरच हे साधन चालवून पाहावे. शिवाय अस्सल जीटीएक्स १००० मालिकेलाही नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर मिळत नाहीत, तेव्हा किंमत त्या मानाने ठरवावी.

हे सगळे करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ड्रायव्हर, केबल आणि एसएमपीएस एकाच दुपारी बदलले आणि यंत्र चालू झाले, तर कशाने झाले ते कळत नाही. शाळेतल्या गुरुजींनी संगणक खोलीत एक वही टांगावी. तारीख, बिघाड कोणत्या क्षणी दिसला, काय बदलले, पुढे काय झाले, असे चार रकाने पुरेत. सातवी-आठवीची मुले ती हौसेने भरतील.

आणि एवढे करूनही कंपनीच्या चिन्हावरच रेघा येत असतील, केबल आणि मॉनिटर बदलूनही जात नसतील, तर शेवटची खात्री करून घ्यावी. प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून केबल मदरबोर्डला लावावी. इंटेल प्रोसेसरच्या नावापुढे एफ हे अक्षर असेल तर ही सोय नसते. तेव्हा आपले कार्ड दुसऱ्याच्या यंत्रात बसवून पाहावे. तेथेही रेघा आल्या तर कार्ड खरोखर गेले. मग वही बरोबर घेऊन दुकानात जावे, आणि आधी वॉरंटीची तारीख पाहावी.