जिथे भाडेकरू हाच मालक असतो

(विद्यार्थी-पालक मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



बारावीचे निकाल लागले आणि प्रवेशाच्या याद्या झळकल्या की महाराष्ट्रातील हजारो घरांत एकच चिंता सुरू होते. मुलाला पुण्यात किंवा मुंबईत प्रवेश मिळाला, आता राहायचे कुठे? वडील चार दिवसांची रजा टाकून येतात. वसतिगृहाच्या यादीत नाव नसते. मग दलाल, डिपॉझिट, ‘कॉट बेसिस’ आणि मेसचा डबा या मार्गाने शोध सुरू होतो. शेवटी एखाद्या खोलीतील चौथी कॉट मिळते. निघताना आई घरमालकिणीला “जरा लक्ष असू द्या” म्हणून सांगते आणि पदराने डोळे पुसत रिक्षात बसते.

पुढची तीन-चार वर्षे तो मुलगा त्या घरात राहतो. पण ते घर त्याचे कधीच होत नाही. नळ गळू लागला तर मालकाला फोन करायचा, आमटी पातळ झाली तर मेसवाल्याच्या नावाने खडे फोडायचे आणि भाडे वाढले तर निमूटपणे भरायचे किंवा गाशा गुंडाळायचा. त्याच्या राहण्याची सोय होते, परंतु चार माणसांत राहण्याचे शिक्षण मात्र राहून जाते.

हे शिक्षण विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभे केले, अशी एक संस्था नव्वदहून अधिक वर्षे चालू आहे. तिची कथा दूर अमेरिकेतील असली, तरी तिच्यातून घ्यावयाचा बोध सहकाराच्या या भूमीला परका वाटू नये.

मंदीतले चौदा विद्यार्थी

१९३३ साल. अमेरिका महामंदीच्या खाईत सापडलेली होती. बँका बुडाल्या होत्या, कारखाने बंद पडले होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील विद्यार्थ्यांपुढे शिक्षण सोडून घरी परतावे की अर्धपोटी शिकावे, असा प्रश्न होता. विद्यापीठाची स्वतःची निवासव्यवस्था तेव्हा नाममात्र होती. ज्यांच्याजवळ पैसा होता ते खाजगी मंडळांच्या प्रशस्त घरांत राहात. ज्यांच्याजवळ नव्हता त्यांना कोणी वाली नव्हता.

विद्यापीठाच्या दारातच ‘स्टाइल्स हॉल’ नावाचे वायएमसीएचे केंद्र होते. हॅरी किंगमन हे त्याचे प्रमुख. चीनमध्ये मिशनरी कुटुंबात जन्मलेले आणि तरुणपणी व्यावसायिक बेसबॉल खेळलेले हे गृहस्थ. गरजू मुलांसाठी वर्गणी गोळा करून एखादे वसतिगृह काढणे हा एक सोपा मार्ग होता. पण त्यांच्या प्रेरणेने चौदा विद्यार्थ्यांनी निराळा मार्ग धरला. त्यांनी एकत्र येऊन घर चालवावयास घेतले. खर्च वाटून घेतला आणि कामेही वाटून घेतली.

त्यांच्यासमोर आदर्श होता इंग्लंडमधील रॉचडेलचा. १८४४ साली त्या गावातील अठ्ठावीस जणांनी, त्यांत बरेचसे हातमागावर पोट भरणारे विणकर होते, पै-पै जमवून पीठ, लोणी, साखर आणि ओटचे पीठ विकणारे एक लहानसे दुकान उघडले. भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. धर्म वा राजकीय मत पाहून कोणालाही दार बंद करावयाचे नाही. हिशेब सर्वांसमोर उघडा ठेवावयाचा. आधुनिक सहकाराचा पाया मानली जाणारी ही तत्त्वे बर्कलेच्या विद्यार्थ्यांनी निवासाला लावली. पुढे त्यांच्या एका इमारतसंकुलाला ‘रॉचडेल’ हेच नाव देण्यात आले.

चौदांचे घर वाढत गेले. त्याच वर्षी ‘बॅरिंग्टन हॉल’ सुरू झाला आणि दोनच वर्षांत तो सुमारे दोनशे विद्यार्थी मावतील अशा मोठ्या वास्तूत गेला. १९३६ साली विद्यार्थिनींसाठी ‘स्टेबिन्स हॉल’ उघडला. १९४६ साली ‘क्लॉइन कोर्ट’ ही १९०४ साली हॉटेल म्हणून बांधलेली मोठी इमारत विकत घेण्यात आली. आज या संस्थेच्या सुमारे वीस वास्तूंत तेराशेच्या आसपास विद्यार्थी राहतात. ‘लोथलोरियन’ नावाचे एक घर तर पूर्णपणे शाकाहारी आहे.

पाच तासांचे गणित

हे घर चालते कसे? नियम साधा आहे. या घरांत राहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्याला सुमारे पाच तास घरासाठी काम करावयाचे. कोणी भाजी चिरतो, कोणी भांडी घासतो, कोणी न्हाणीघर धुतो, कोणी कचरा बाहेर नेतो. कामांची वाटणी करण्यासाठी विद्यार्थ्यांमधूनच एक व्यवस्थापक निवडला जातो. त्याच्या वहीत प्रत्येकाचे तास लिहिलेले असतात. तास चुकविणाऱ्याला दंड भरावा लागतो.

हे गणित मांडून पाहण्यासारखे आहे. शंभर विद्यार्थ्यांचे घर असेल, तर आठवड्याला पाचशे तासांचे काम उभे राहते. आठवड्याला चाळीस तास काम करणारे बारा-तेरा नोकर ठेवले असता जेवढे काम होईल, तेवढे हे काम. त्या नोकरांचा पगार वाचला, मालकाचा नफा वाचला. म्हणूनच बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी खर्चात तेथे राहता येते. ही स्वस्ताई कोणाच्या मेहेरबानीने आलेली नसून विद्यार्थ्यांच्या मनगटातून आलेली आहे.

परंतु पैशांची बचत हा या व्यवस्थेचा लहान भाग झाला. आपल्या घरांतील चित्र आठवा. “तो अभ्यासाला बसलाय, त्याला उठवू नका,” असे म्हणत आपण मुलाचे ताटसुद्धा उचलतो. असा एखादा मुलगा या घरात आला की पहिल्याच आठवड्यात शंभर माणसांच्या पातेल्यासमोर उभा राहतो. पातेले तसेच टाकून तो निघून गेला, तर दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाची पाळी असलेला त्याचाच वर्गमित्र खोळंबतो. रागवायला मोलकरीण नाही आणि तक्रार करायला मालक नाही. समोर असतो तो आपल्यासारखाच परीक्षा तोंडावर आलेला दुसरा विद्यार्थी. जबाबदारी म्हणजे काय, हे अशा वेळी कोणत्याही व्याख्यानाविना कळते.

कामाच्या जोडीला सभा असते. घरातील प्रश्न घराच्या सभेत सुटतात. वाणसामानाला किती खर्च करावयाचा, रात्री आवाज किती वाजेपर्यंत चालेल, पाहुण्यांचे काय, गळके छप्पर आधी की नवा फ्रीज आधी, या सगळ्यांवर वाद होतो आणि मग मतदान होते. प्रत्येक घर आपले प्रतिनिधी मध्यवर्ती संचालक मंडळावर पाठविते. तेथे विशीतील मुले-मुली लक्षावधी डॉलरांच्या अंदाजपत्रकावर निर्णय घेतात. कार्यालयात पगारी, अनुभवी माणसे आहेत. पण त्यांना नेमणारे आणि त्यांना जाब विचारणारे हे विद्यार्थीच आहेत.

छप्पर तीस वर्षांचे, सभासद चार वर्षांचा

अशा संस्थेची खरी कसोटी निराळ्याच ठिकाणी लागते. साध्या गृहनिर्माण संस्थेतील सभासद वीस-तीस वर्षे एकाच घरात राहतो. विद्यार्थी मात्र चार वर्षांत निघून जातो. म्हणजे दर चार वर्षांनी संस्थेतील जवळजवळ प्रत्येक माणूस नवा असतो. मागच्यांनी कोणती चूक केली, कोणता ठराव का केला, हे सांगणारे कोणी उरत नाही.

यातून एक मोहही जन्माला येतो. छप्पर तीस वर्षे टिकावयाचे असते आणि सभासद चारच वर्षे राहणार असतो. मग दुरुस्तीसाठी पैसे बाजूला कशाला टाकावयाचे? यंदा भाडे कमी ठेवू, छपराचे पुढचे लोक पाहतील! हा विचार एकाने केला तर चालून जाते. प्रत्येक पिढीने केला तर वास्तू कोसळते. म्हणून राखीव निधी हवा, नीट लिहिलेली इतिवृत्ते हवीत, कायम राहणारे कार्यालय हवे आणि जुन्या सभासदाने नव्याला हाताशी धरून काम शिकविण्याची परंपरा हवी. आज त्या घरात राहणारा विद्यार्थी मालक खरा, पण तो विश्वस्तही आहे. जो अजून शाळेत आहे, त्याच्या वतीने त्याने ते घर सांभाळावयाचे असते.

बॅरिंग्टनचा धडा

या कथेला काळी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बॅरिंग्टन हॉल हे या संस्थेचे एक मोठे आणि गाजलेले घर. भिंतींवर चित्रे, रात्रभर संगीत, कोणी कोणाला विचारणारे नाही, अशी त्याची ख्याती झाली. स्वातंत्र्याच्या नावाखाली तेथे अमली पदार्थ शिरले. शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या, कोर्टकज्जे झाले. हे घर बंद करावे, असा प्रस्ताव सभासदांपुढे वारंवार आला आणि प्रत्येक वेळी फेटाळला गेला. आपल्याच बंधूंचे घर आपल्याच मताने कसे मोडावयाचे, हा संकोच त्यामागे होता. अखेर नोव्हेंबर १९८९ मध्ये सर्व सभासदांच्या मतदानात ते बंद करण्याचा निर्णय झाला. काहींनी घर सोडण्यास नकार दिला, पोलिसांशी झटापटी झाल्या आणि १९९० साली ती वास्तू रिकामी झाली. नंतर ती खाजगी व्यवस्थापनाकडे गेली. अर्धशतकाहून अधिक काळ जपलेले घर बाहेरच्या शत्रूने हिरावले नव्हते. आतल्या बेशिस्तीने ते गमावले.

एवढ्यावर हा विषय संपला नाही. २०१० साली क्लॉइन कोर्टमध्ये एका विद्यार्थ्याने अमली पदार्थाचे अतिसेवन केले आणि त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली. खटला उभा राहिला. असा प्रसंग पुन्हा घडला तर एका घराच्या चुकीची किंमत संपूर्ण संस्थेला मोजावी लागेल, हे स्पष्ट झाले. २०१४ साली संचालक मंडळाने कठोर ठराव केला. क्लॉइन यापुढे व्यसनमुक्त आणि अभ्यासाला वाहिलेले घर राहील. त्या वेळच्या रहिवाशांना तेथे पुन्हा राहता येणार नाही.

त्या रहिवाशांनी तीव्र विरोध केला. ज्यांनी कधी कशाला हात लावला नाही, त्यांनाही शिक्षा का, हा त्यांचा प्रश्न होता. आणि तो खोटा म्हणता येणार नाही. निरपराध मुलांनाही घर सोडावे लागले. परंतु हा निर्णय कोणी घेतला, हे ध्यानात घेतले पाहिजे. तो विद्यापीठाने लादला नव्हता किंवा पोलिसांनीही नव्हे. विद्यार्थ्यांनी निवडलेल्या मंडळाने तो घेतला. मित्रांच्या विरोधात मत देऊन दुसऱ्या दिवशी त्यांच्याच शेजारी वर्गात बसणे सोपे नसते. स्वतःचे राज्य चालविणे म्हणजे स्वतःला आवर घालणे. आणि तो आवर वेळेवर घातला नाही, तर पुढे घालावा लागणारा आवर सज्जन-दुर्जन पाहात नाही. चार तरुण चुकीच्या वाटेला लागले तेव्हाच उरलेल्या शंभरांनी सभेत उठून बोलावयास हवे होते. शंभरांच्या मौनाची किंमत शंभरांनीच मोजली.

आपल्या दारी

ही वाट अमेरिकेपुरती राहिलेली नाही. स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे २०१४ साली विद्यार्थ्यांनी १०६ जणांची निवासी सहकारी संस्था सुरू केली. तेथेही राहणारा प्रत्येक जण सभासद आणि चालकही.

महाराष्ट्राला यातील काहीच नवे नाही. १९२४ साली साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी वसतिगृह काढले. त्यात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र राबली आणि एका पंक्तीत जेवली. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. स्वावलंबन हे त्या संस्थेचे ब्रीद. फरक एवढाच की तेथे मुलांच्या मागे कर्मवीरांसारखा पिता उभा होता. बर्कलेत मुलांनाच एकमेकांचे पालक व्हावे लागले. दुसरीकडे, मुंबईच्या गावदेवी भागात सारस्वत मंडळींनी १९१५ साली सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन केली. आज शहरांतील लाखो मध्यमवर्गीय कुटुंबे अशाच संस्थांत राहतात.

आणि या संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा कशी होते, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. गणसंख्येअभावी सभा तहकूब होते, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते, चिटणीस व्हावयास कोणी तयार नसते आणि जो होतो त्याच्यावर वर्षभर सगळे मिळून टीका करतात. सुशिक्षित, सुसंस्कृत माणसांचे असे का व्हावे? पन्नाशीत सभेला न येणारा माणूस विशीत कधी सभेत बसलेलाच नसतो. कायदा संस्था नोंदवून देऊ शकतो. तिच्यात वागण्याची सवय मात्र तरुणपणी भांडी घासता घासताच लागते.

म्हणून आरंभ लहान करावा. वसतिगृह कोणाचेही असो, निदान मेसचा हिशेब विद्यार्थ्यांच्या निवडलेल्या समितीकडे द्यावा आणि तो दरमहा फळ्यावर लावावा. रेक्टर आपल्या जागी राहू देत. पण नासलेल्या भाजीचा जाब रेक्टरला विचारण्याआधी बाजारात कोण गेले होते, हे मुलांना ठाऊक असावे. सहा मुले मिळून एखादा फ्लॅट भाड्याने घेत असतील, तर त्यांनी पहिल्याच दिवशी तीन गोष्टी कराव्यात. खर्चाची एक सामाईक वही घालावी, कामांच्या पाळ्या लिहून भिंतीवर लावाव्यात आणि आठवड्यातून अर्धा तास सर्वांनी एकत्र बसावे. मतभेद त्या अर्ध्या तासात बोलावेत, एरवी कुजबुज करू नये. आणि घर सोडताना पुढे येणाऱ्यांसाठी ती वही मागे ठेवून जावे.

पालकांनाही एक विनंती आहे. रविवारी फोनवर आपण मुलाला हमखास विचारतो, “जेवण कसे आहे रे?” पुढच्या रविवारी प्रश्न थोडा बदलावा. “या आठवड्यात तुझी पाळी कशाची होती?” असे विचारावे. पहिल्या खेपेस तो गोंधळेल. ज्या दिवशी तो न अडखळता उत्तर देईल, त्या दिवसापासून तो त्या घरात भाडेकरू म्हणून राहात नाही, असे खुशाल समजावे.