निवृत्तीनंतरचे परसातील कुक्कुटपालन



वयाची ५८ वर्षे पूर्ण झाली की राज्य शासनाच्या सेवेतील बहुसंख्य कर्मचारी निवृत्त होतात. तीस-पस्तीस वर्षे घड्याळाच्या काट्याबरोबर चाललेला दिवस एकाएकी मोकळा होतो. हाताशी भविष्यनिर्वाह निधीची व उपदानाची रक्कम असते, गावाकडे घर व घरामागे थोडे परस असते, आणि अंगात हलके काम करण्याइतकी शक्ती अजून शिल्लक असते. अशा वेळी कोंबड्या पाळण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. विचार स्तुत्य आहे. परंतु तो किती प्रमाणात अमलात आणावा, यावर त्याचे यशापयश अवलंबून असते.

हजार-दोन हजार पक्ष्यांची शेड हा व्यापार आहे. त्यात खाद्याचे भाव, बाजारातील चढउतार, कर्जाचे हप्ते आणि रोगाची टांगती तलवार या सर्वांशी सामना करावा लागतो. तरुण उद्योजकाला एखादे वर्ष तोट्यात गेले तरी पुन्हा उभे राहता येते; आयुष्याची पुंजी एकदाच हाती आलेल्या वृद्धाला ते जमत नाही. म्हणून निवृत्ताने सुरुवात करावी ती आठ-दहा कोंबड्यांपासून, आणि बहुतेकांनी तेथेच थांबावे.

एवढ्या लहान कळपातून मिळते काय, याचा हिशेब सोपा आहे. गावठी कोंबडी वर्षाला साधारणपणे ६० ते ८० अंडी देते. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया यांसारख्या परसासाठी विकसित केलेल्या सुधारित जाती याहून पुष्कळ अधिक अंडी देतात. आठ सुधारित कोंबड्यांनी प्रत्येकी १२० अंडी दिली असे धरले, तरी वर्षाला ९६० अंडी होतात. दोघा पतिपत्नींनी दररोज अर्ध्या अंड्याच्या हिशेबाने सुमारे ३६० अंडी खाल्ली, तर उरलेली सुमारे ६०० नातवंडांना, शेजाऱ्यांना किंवा विक्रीला उपलब्ध होतात. निवृत्तिवेतनाला ही मोठी जोड नव्हे; पण खाद्याचा खर्च निघून घरच्या जेवणात उत्तम प्रथिनांची भर पडते.

नवशिक्याने एक दिवसाची पिल्ले आणू नयेत. त्यांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब द्यावी लागते, आणि रात्री-अपरात्री उठून ती सांभाळणे उतारवयात कष्टाचे होते. त्याऐवजी सहा ते आठ आठवडे वयाची, लसीकरण झालेली पिल्ले घ्यावीत. नुसत्या अंड्यांसाठी कोंबड्याची आवश्यकता नसते. पिल्ले काढावयाची असतील तरच आठ-दहा कोंबड्यांमागे एक नर ठेवावा. सुधारित कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणून एखादी गावठी कोंबडी कळपात असावी. तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवली की २१ दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. मात्र सुधारित संकरित पक्ष्यांच्या पुढील पिढीत मूळचे गुण पूर्ण उतरत नाहीत, हे ध्यानात असावे.

खुराडे जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच असावे. त्यामुळे ओल लागत नाही, मुंगसाचा व रानमांजराचा उपद्रव कमी होतो, आणि अंडी काढताना किंवा साफसफाई करताना वृद्धाला वाकावे लागत नाही. दर पक्ष्यामागे एक ते दीड चौरस फूट जागा रात्रीपुरती पुरते. तळाशी भाताचे तूस पसरावे व ओले झालेले तूस लगेच बदलावे. दिवसा कोंबड्या परसात किडे, गवत व सांडलेले धान्य टिपतात. तरी सायंकाळी मूठभर कण्या, भरडलेला मका किंवा बाजरी द्यावी. अंड्याचे कवच पातळ येऊ लागले तर शिंपल्यांचा चुरा उपयोगी पडतो. विष्ठा ताजी असताना झाडांच्या मुळाशी घालू नये. पालापाचोळ्याबरोबर कुजवून घातल्यास भाजीपाल्याला ती उत्कृष्ट खत ठरते.

आता सर्वांत महत्त्वाची बाब. परसातील कळप बुडतो तो बहुधा घारीमुळे वा मांजरामुळे नव्हे, तर राणीखेत रोगामुळे. मान वाकडी करणारा म्हणून खेड्यात त्याला मानमोडी म्हणतात. हिरवट पातळ हगवण, धाप व मान पिळवटणे ही त्याची लक्षणे. एकदा रोग जडला की त्यावर उपाय नाही, आणि लस न दिलेला कळप काही दिवसांत ओस पडतो. रोगापूर्वीची लस हाच खरा उपाय आहे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत देतात, व पुढे सुमारे आठ आठवड्यांच्या वयात आर-टू-बी लस टोचतात. त्यानंतरच्या मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्याव्यात.

अडचण अशी की लसीच्या लहान कुपीतही सामान्यतः १०० मात्रा असतात, ती बर्फात ठेवावी लागते, आणि विरघळविल्यानंतर तासा-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या एका घरासाठी कुपी फोडणे कोणालाच परवडत नाही. म्हणून कोणीच ती फोडत नाही, आणि दरसाल सगळ्या आळीच्या कोंबड्या मरतात. येथेच निवृत्त शिक्षकाचा वा ग्रामसेवकाचा खरा उपयोग आहे. नोंदवही ठेवण्याची सवय त्याच्या हाताला असते, घरोघरी ओळख असते व वेळही असतो. त्याने आळीतील कोंबड्यांची गणती करावी, पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून दिवस ठरवावा आणि पहाटे खुराडी उघडण्यापूर्वी सर्वांच्या कोंबड्यांना एकाच वेळी लस मिळेल अशी व्यवस्था करावी. ज्या विधवेच्या किंवा शेतमजुराच्या घरी चारच कोंबड्या आहेत, तिच्या वा त्याच्या दृष्टीने ही सेवा फार मोलाची आहे. स्वतःच्या कळपाचे रक्षणही शेजारचा कळप निरोगी असल्यावाचून होत नाही.

पक्ष्यांमध्ये अचानक मोठी मरतूक झाली तर ती लपवू नये. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला, त्या वेळी लाखो पक्षी नष्ट करावे लागले. २००९ च्या प्राण्यांच्या सांसर्गिक रोगांविषयीच्या केंद्रीय कायद्यानुसार असा संशय येताच मालकाने ग्राम अधिकाऱ्यास किंवा पंचायतीस कळविणे बंधनकारक आहे. पंचायत सदस्यांनी ही माहिती विनाविलंब पशुवैद्यकापर्यंत पोहोचवावी. मेलेल्या कोंबड्या उघड्या हातांनी उचलू नयेत. ओढ्यात किंवा उकिरड्यावरही टाकू नयेत. एरवीही खुराड्यातील काम झाल्यावर साबणाने हात धुणे वृद्धांनी व मुलांनी चुकवू नये.

आणखी एक प्रश्न सुरुवातीलाच सोडवावा. निवृत्त मंडळी महिना-दोन महिने शहरात मुलांकडे जातात. कोंबड्यांना मात्र सुट्टी नसते. त्या काळात दाणापाणी करणाऱ्या शेजाऱ्याने अंडी घ्यावीत, असा सरळ करार बरा. दोन वर्षांनंतर अंडी कमी होत जातात; तेव्हा त्या कोंबड्या विकावयाच्या, की घरी ठेवावयाच्या, हेही प्रत्येकाने आपल्या मनाशी आधी ठरवावे आणि दरवर्षी दोन-तीन तलंगा नव्याने कळपात घ्याव्यात.

सकाळी खुराडे उघडणे, सायंकाळी मोजून बंद करणे आणि दिवसाची अंडी वहीत मांडणे, एवढे काम दहा कोंबड्या मागतात. निवृत्ताच्या दिवसाला त्यामुळे पुन्हा आकार येतो. परंतु त्या वहीत शेजाऱ्यांच्या कोंबड्यांच्या लसीची तारीखही लिहिली गेली, तर एका घरचा हा छंद सगळ्या गावाच्या उपयोगी पडेल. ग्रामपंचायतींनी आपल्या गावातील निवृत्तांना हे काम आवर्जून सोपवावे.