घरावरचा बोजा आणि व्हिसा
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण)



मला सोसायटीच्या आठवणींवर बोला असं सांगितलं होतं. आठवणी सगळ्यांकडंच आहेत. माझा जन्म बँकेत गेला, तेव्हा मी कर्जाविषयीच बोलणार.

२५ वर्षांपूर्वी प्लॉट एनए करून घ्यायला आपण गेवराईला किती खेपा घातल्या ते जुन्या सभासदांना माहीत आहे. याच घरांवर पुढं पोरं परदेशी शिकायला जातील असं तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं. पण झालं तसंच. त्यातली मेख सांगतो. माणसाचं दहा एकर वावर असलं, तरी परदेशी शिक्षणाच्या मोठ्या कर्जाला बँका सहसा ते तारण घेत नाहीत. बँकांचा वसुलीचा जो सरफेसी कायदा आहे, तो शेतजमिनीला लागू होत नाही. मग उरतं राहतं घर. म्हणून चकलांब्याचं पोरगं अमेरिकेला निघालं, की आधी आपल्या सेक्रेटरींकडं ना-हरकत दाखल्याचा अर्ज येतो.

२०२५ च्या एप्रिलात असाच एक अर्ज आला. नाव सांगत नाही. पोरगं इंजिनिअर, पुण्यात दोन वर्षं नोकरी केलेलं; अमेरिकेत एम.एस.ला प्रवेश, वर्ग ऑगस्टात. वडील मला म्हणाले, "साहेब, कसं करू?" मी म्हणालो, "गहाणखत आत्ताच उरकून टाका, ऐनवेळी धावपळ नको." हा सल्ला माझा, आणि तो चुकला.

२७ मेला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं जगभरातल्या आपल्या वकिलातींना कळवलं, विद्यार्थ्यांना मुलाखतीच्या नव्या तारखा देऊ नका. १८ जूनला तारखा पुन्हा देण्याचं जाहीर झालं, पण सोबत अट आली: फेसबुक, इन्स्टाग्राम वगैरे खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी करा, आम्ही तपासणार. तीन आठवडे म्हणजे काही फार नाही असं वाटेल. पण ते तीन आठवडे ऐन हंगामातले होते. नंतर जी गर्दी उसळली, त्यात पोरगं रात्री दोन-दोन वाजता उठून मोबाईलवर मुंबईची तारीख शोधायचं. जुलैच्या शेवटी मिळाली. रात्रभर प्रवास करून बांद्र्याला गेलं. दोन-तीन मिनिटं बोलणं झालं आणि हातात नकाराचा कागद आला.

त्यांच्या कायद्यात २१४-बी नावाचं कलम आहे. अर्जदार कायमचा राहायलाच येतोय असं आधी धरायचं. तसं नाही हे सिद्ध करायचं काम अर्जदाराचं. गावाकडं आई-बाप आहेत, वावर आहे, हे पोरगं घोकून गेलं होतं. ते कुणी विचारलंच नाही.

व्हिसाची फी १८५ डॉलर आणि सेव्हिसची ३५० डॉलर, म्हणजे पंचेचाळीस हजारांच्या आसपास गेले. ते परत मिळत नाहीत. शिवाय बँकेची प्रक्रिया फी, घराचं मूल्यांकन, वकिलाचा सर्च रिपोर्ट, गहाणाचा मुद्रांक. नोकरीचा राजीनामा आधीच दिलेला. आणि घरावर बोजा, तोही एक रुपया कर्ज न उचलता!

दुसऱ्या देशाचं बघा म्हणणारे भेटतात. कॅनडानं १ जानेवारी २०२४ पासून राहण्याच्या खर्चापोटी दाखवायची रक्कम १०,००० वरून २०,६३५ कॅनेडियन डॉलर केली, म्हणजे बारा लाखांच्या वर, आणि त्याच महिन्यात परवान्यांवर मर्यादा आणली. ब्रिटननं त्याच जानेवारीपासून बहुतेक मास्टर्सवाल्यांना बायको-मुलं सोबत न्यायची सोय बंद केली. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ ला व्हिसा फी ७१० वरून १,६०० डॉलरवर नेली.

दार त्यांचं आहे, कुणाला आत घ्यायचं हे त्यांनी ठरवावं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण फी भरून घेतल्यावर मधेच नियम बदलायचा, हे कापूस वेचून झाल्यावर भाव पाडण्यासारखं आहे. श्रीमंताचं पोरगं एक वर्ष थांबतं. आपल्याकडं त्या वर्षात बापाची झोप जाते.

बँकेचं बोजा उतरवल्याचं पत्र नोव्हेंबरात आलं. सेक्रेटरींनी नोंद कमी केली तेव्हा मी मुद्दाम तिथं बसलो होतो. वडील मला एका शब्दानंही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. पोरगं पुण्यात पुन्हा नोकरीला लागलंय, पहिल्यापेक्षा कमी पगारावर. त्याला परत अर्ज करायचाय. वडिलांनी अजून होकार दिलेला नाही.

तर आई-बापांना एवढंच सांगतो. व्हिसाच्या मुलाखतीला बहुतेक वेळा बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र पुरतं. गहाणखत व्हिसा हातात पडल्यावर, पैसे उचलायच्या आधी करता येईल का, हे शाखेत स्पष्ट विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलता येतो का आणि भरलेली फी परत मिळते का, हेही विद्यापीठाला पैसे भरण्याआधी ईमेलवर विचारून ठेवा. आणि व्हिसा येईपर्यंत पोरानं राजीनामा देऊ नये. कार्यकारिणीला विनंती, की ना-हरकत दाखला देताना हे सगळं विचारलं का, एवढं अर्जदाराला विचारत जा.

मी रोज सकाळी दहापर्यंत ओट्यावरच असतो. सही करायच्या आधी कागद घेऊन या.