कड्यावरच्या फुलाची नोंद



गिरगावातून धोबीतलावाकडे निघालं, की मेट्रो सिनेमाच्या पुढे सेंट झेवियर्स कॉलेज लागतं. ही दगडी इमारत आपण येताजाता पाहतो. पण तिच्या आत ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. 1906 साली तो सुरू झाला. स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे त्याचे प्रवर्तक. जोधपूर-जैसलमेरच्या वाळवंटातल्या वनस्पतींचीही त्यांनी फादर हॉलबर्ग यांच्यासोबत नोंद केली. ती 1918 पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये क्रमशः छापली गेली.

वाळवंटातच शोभावी अशी एक वनस्पती आपल्या सह्याद्रीतही आहे. तिचं नाव शिंदळ माकुडी. शिवनेरीवर सापडते, म्हणून तिला शिवसुमन असंही म्हणतात. 1865 साली वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला फ्रेरिया इंडिका हे नाव दिलं. शिवनेरी, वज्रगड, महाबळेश्वरचा परिसर अशा मोजक्याच जागी ती उभ्या कड्याच्या फटीत तग धरते. पावसाळ्यात तिला पानं असतात, उन्हाळ्यात ती गळतात आणि पाणी साठवलेलं मांसल खोड तेवढं उरतं. फूल गर्द तांबडं, चांदणीच्या आकाराचं, त्यावर पिवळे ठिपके. वास मात्र कुजकट. तो माश्यांसाठी असतो.

असं झाड हर्बेरियमच्या कागदावर जपणं सोपं नाही. साधी फांदी टीपकागदांत दाबली की वाळते. मांसल खोड दाबाखालीही जिवंत राहतं, नाहीतर कुजतं. म्हणून ते आधी उकळत्या पाण्यात बुडवतात किंवा उभं चिरतात. मग जाड पांढऱ्या कागदावर ते दोऱ्याने टाचतात, सुटलेल्या बिया छोट्या पाकिटात घालून तिथेच चिकटवतात. फुलाचा रंग वाळल्यावर उडतो, त्यामुळे तो लिहूनच ठेवावा लागतो. कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर गाव, उंची, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव असतं.

माझ्या मते त्या कागदाचा प्राण या चिठ्ठीत आहे. या झाडाचं शास्त्रीय नाव पुढे बदललं. कुणी त्याला कॅरॅलुमा या वंशात घातलं, कुणी बाउसेरोसियात. पण अमुक कड्यावर, अमुक दिवशी ते फुललेलं होतं, ही नोंद कोणत्याही नावाखाली खरीच राहते. शंभर वर्षांनी त्याच कड्यावर ते दिसलं नाही, तर काय गमावलं हे सांगायला दुसरा पुरावा नसतो. चिठ्ठी हरवलेला नमुना, कितीही देखणा असला, तरी अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी.

लालबाग-परळ-दादरहून शनिवारी रात्री पाठीवर सॅक टाकून गडावर निघणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे. कड्यावरचं फूल तोडू नका, रोप उपटून घरच्या कुंडीत आणू नका. फोटो काढा, ठिकाण, उंची आणि तारीख तिथल्या तिथे वहीत लिहा. फूल दुर्मिळ असेल, तर त्याची नेमकी जागा चारचौघांत जाहीर करू नका. ती वही वनस्पतींच्या अभ्यासकांना नेऊन दाखवा.