भुलेपूर्वीचे चार शब्द



शस्त्रक्रियेचा धोका म्हटला की सर्वांना सर्जनची सुरी आठवते. परंतु संपूर्ण भूल दिल्यावर रुग्णाची वाचा थांबते, श्वासही बहुधा यंत्राच्या स्वाधीन होतो. त्या वेळी त्याला स्वतःचे रक्षण करता येत नाही. म्हणून त्याची सुरक्षितता आधीच, शुद्धीत असताना, बोलून निश्चित करावी लागते.

न्यूझीलंडने हा धडा मोठी किंमत मोजून घेतला. ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमधील प्रकरणाचा न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांचा अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. भुलेखालील स्त्रियांची त्यांच्या संमतीवाचून विद्यार्थ्यांकडून अंतर्गत तपासणी करविली जात असे, हेही त्या चौकशीत उघड झाले. पुढे १९९४ चा कायदा झाला आणि १ जुलै १९९६ पासून रुग्णहक्क संहिता अमलात आली. तीत दहा हक्क आहेत. संपूर्ण भूल द्यावयाची असल्यास संमती लेखीच हवी. माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत हवी. गरज असेल आणि व्यवहारतः शक्य असेल तेथे दुभाषाही मिळाला पाहिजे.

तथापि, कागदावरील हक्क वापरल्यावाचून पदरात पडत नाही. गावाकडून आलेल्या आईवडिलांच्या वतीने बहुधा आपणच उत्तरे देतो. मुलांदेखत वडील मद्याचा विषय टाळतात. सुपारी-गुटख्याने तोंड पुरते उघडेनासे झाले असेल, तर श्वासनलिकेत नळी घालणे अवघड होते. तेही सांगायचे राहते. सकाळी घेतलेला दुधाचा चहा कोणी खाण्यात धरीत नाही. पण पोटातील पदार्थ भुलेत फुप्फुसांत उतरल्यास जिवावर बेतते.

नात्यातील कोणी भुलेत दगावले असल्यास ते अवश्य सांगावे. काही घराण्यांत भुलेच्या विशिष्ट औषधांनी स्नायू ताठरतात व ताप झपाट्याने चढतो. हा दोष आनुवंशिक आहे. आधी कळल्यास ती औषधे टाळता येतात. अकस्मात उद्भवल्यास डँट्रोलीन हे औषध तत्काळ द्यावे लागते.

माझी विनंती एवढीच : घरच्या माणसाऐवजी दुभाषा मागा, भूलतज्ज्ञाला निःसंकोच प्रश्न विचारा आणि न समजलेल्या कागदावर सही करू नका. डॉक्टरला प्रश्न विचारण्यात त्याचा अवमान होत नाही. उलट, तुमच्या उत्तरांवाचून आम्ही अंधारात चाचपडतो.