कॉम्प्रेसर बदलण्याआधी

मे महिन्यात विदर्भात पारा 45 अंशांना टेकतो, आणि नेमका तेव्हाच गाडीचा एसी गरम वारा फेकू लागतो. गॅरेजमध्ये निदान ऐकू येतं, "कॉम्प्रेसर गेला." खर्च मोठा असतो, आणि पुष्कळदा बिचाऱ्या कॉम्प्रेसरचा काहीच दोष नसतो. म्हणून होकार देण्याआधी थोडं स्वतः बघून घ्या.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, बॉनेट उघडं. ओढणी, सैल बाह्या पट्ट्यापासून लांब ठेवा. इंजिन चालू असलं की कॉम्प्रेसरची पुली फिरतच असते. तिच्या तोंडाशी असलेली चकती मात्र एसीचं बटण दाबल्यावरच 'टक्' करून पुलीला चिकटते आणि फिरू लागते. हा मॅग्नेटिक क्लच. टक् ऐकू आलं नाही, तर आधी फ्यूज आणि रिले बघा. गॅस कमी झाला असेल तरीही प्रेशर स्विच क्लचची वीज तोडतो, तेही कॉम्प्रेसर वाचावा म्हणूनच! क्लचपर्यंत 12 व्होल्ट पोहोचूनही चकती हलत नसेल, तर कॉइल जळालेली असते किंवा झिजेमुळे फट वाढलेली असते. बऱ्याच गाड्यांत नुसता क्लच बदलून भागतं. काही नव्या गाड्यांत हा क्लचच नसतो, तिथे टक् ऐकू येणार नाही. इलेक्ट्रिक गाडीत मात्र नारिंगी केबलला हात लावू नका, तिथे जिवाशी गाठ आहे.

एसी बंद असतानाही घरघर येत असेल, तर संशय पुलीच्या बेअरिंगवर घ्या. एसी लावल्यावरच खडखड सुरू होत असेल, तर बिघाड बहुधा आतला. मेकॅनिकने गेज लावलं की तुम्हीही काटे बघा. एसी चालू होताच लो साइडचा दाब उतरायला हवा आणि हाय साइडचा चढायला हवा. क्लच फिरत असूनही दोन्ही काटे जवळपास सारखेच राहिले, तर कॉम्प्रेसर खरोखर गेला.

मला सर्वांत जास्त खटकतं ते दरवर्षी गॅस भरणं. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. वरचेवर कमी होतो, याचा अर्थ लीक आहे. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर पडतं, आणि कोरडा पडलेला कॉम्प्रेसर शेवटी जाम होतो. शिवाय आर-134ए हा गॅस वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जहाल आहे. इंजिन बंद करून, गार झाल्यावर नळ्यांचे जोड बघा. जिथे तेलकट डागावर धूळ चिकटलेली दिसेल, लीक बहुधा तिथेच असतं.

आणि कॉम्प्रेसर बदलायचाच ठरला, तर जुन्यातलं थोडं तेल पांढऱ्या कागदावर काढून दाखवायला सांगा. त्यात चंदेरी कण चमकले, तर कंडेन्सर, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हही बदलून घ्या. तसं केलं नाही, तर तेच कण नव्या कॉम्प्रेसरमध्ये शिरतील.